वनमालाबाईंचे बिऱ्हाडकरू

घाटकोपरला स्टेशनच्या पश्चिमेला, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वनमालाबाई परबांची खानावळ होती. पाटी वगैरे काही नव्हती. बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक लांब टेबल आणि दोन बाकं, मागच्या खोलीत चूल. १९५५ साली मी तिथं रोज दुपारी जेवत असे.

तेव्हा मी नुकतीच बी.एस्सी. होऊन जवळच्याच एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागले होते. घर मुलुंडला. डबा नेत जा म्हणून आई रोज मागे लागायची. पण वनमालाबाईंच्या हातची आमटी एकदा खाल्ल्यावर डब्यातल्या गार पोळीकडे बघवत नसे.

बाई पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, दंडाने भक्कम. नवरा धाकू परब गिरणीत माग चालवणारा साचेवाला होता, तो नऊ वर्षांपूर्वी तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर दत्ताराम बाजारहाट करायचा आणि त्याची बायको विमला भाकऱ्या थापायची. बाकी सगळं बाईंच्या हातचं. जेवायला येणारी बहुतेक पोरं कोकणातून आलेली, कुणी कारकून, कुणी कारखान्यात. कोण कमी जेवला, कोण गप्प बसला, हे बाईंना चुलीपाशी बसून कळायचं. ओल्या नारळाची हिरवी चटणी मात्र त्या स्वतः पाट्यावर वाटत आणि स्वतःच फिरून प्रत्येकाच्या ताटात बोटांनी ठेवत. एकदा मी चमचा पुढे केला, तर म्हणाल्या, "हाताक मीठ कळता गो. चमच्याक काय कळता?"

त्या मे महिन्यात मला ताप आला. चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी प्रयोगशाळेतच खाली बसले. आमचे प्रमुख डॉक्टर शरच्चंद्र कोपरकर यांनी माझ्या दंडातून रक्त काढलं, जंतू वाढवायच्या, पित्त घातलेल्या रसाच्या बाटलीत सोडलं आणि मला वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात झोपवलं. तिसऱ्या दिवशी ते खाटेशी आले. "उत्तराबाई, विषमज्वर आहे. तुमचे जंतू उगवले. छान उगवलेत." त्यांना धीर द्यायचा होता, पण त्यांना तो असाच देता यायचा.

क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध तोवर मिळायला लागलं होतं म्हणून मी वाचले. वीस दिवस खाटेवर होते. त्या वीस दिवसांत वनमालाबाईंनी एक दिवस चुकवला नाही. दुपारची पंगत उठली की पितळी डब्यात कढत पेज घेऊन यायच्या आणि चमच्याने भरवायच्या. माझे केस मुठीमुठीने गळत होते. एक दिवस फणीत आलेला पुंजका बघून मला रडू आलं. बाईंनी तो पुंजका पदराआड लपवला आणि म्हणाल्या, "रडतंस कित्याक? माझ्या लग्नाच्या वर्षाक माका पण असोच ताप इल्लो. एक केस रवलो नाय. मगे परत इले मां सगळे?"

मला त्या वेळी फक्त बरं वाटलं. दुसरं काही डोक्यात आलं नाही.

जुलैत मी कामावर रुजू झाले. उभं राहिलं की पाय लटपटायचे, म्हणून डॉक्टरांनी बसून करायचं काम दिलं. जानेवारीपासून आमच्या प्रयोगशाळेत विषमज्वराचे अकरा रुग्ण पक्के ठरले होते. नेहमीपेक्षा हे जास्त होते. "यांच्यात सारखं काय आहे ते शोधा," डॉक्टर म्हणाले.

मी पत्ते लिहून काढले. चाळी वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, दूधवाले वेगळे. मग डॉक्टरांनी विचारलं, "राहतात कुठे ते झालं. जेवतात कुठे?"

बऱ्या झालेल्या एकेकाला मी गाठून विचारलं. चौथ्या माणसाने वनमालाबाईंचं नाव घेतलं तेव्हाच मला पुढचं कळलं होतं. तरी मी यादी पुरी केली. अकरापैकी नऊ जण तिथं जेवणारे. त्यातली एक मी. आणि एक नंदकुमार सावंत नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, जो फार उशिरा रुग्णालयात आला आणि वाचला नाही. बाईंचा तो लाडका होता.

दोन दिवस ती यादी मी खणात ठेवली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर मांडली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "तिथं गार, न शिजवलेलं काय वाढतात?"

"चटणी," मी म्हणाले. "त्याच वाटतात आणि त्याच वाढतात. आणि सर, त्यांना तरुणपणी मोठा ताप येऊन गेलाय. केस गेले होते."

विषमज्वराचं असं असतं की शंभर माणसं बरी झाली तर त्यातल्या दोन-तीन जणांच्या पित्ताशयात जंतू घर करून राहतात. माणूस ठणठणीत असतो. त्याला काही होत नाही, पण जंतू वर्षानुवर्षं त्याच्या शौचातून बाहेर पडत राहतात, आणि हात नीट धुतले गेले नाहीत की अन्नात उतरतात. अशा माणसाला आम्ही कॅरिअर म्हणतो.

"खानावळीतल्या तिघांच्याही शौचाचे नमुने आणा," डॉक्टर म्हणाले.

"त्यांना सांगू काय?"

"त्यांच्या हातची पेज प्यायलात ना? मग काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

मी बाईंना एवढंच सांगितलं की ताप कुठून येतो ते बघतोय, सगळ्यांची तपासणी करायची आहे. दत्ताराम कुरकुरला. बाई हसून त्याला म्हणाल्या, "चेडू सांगता तां कर."

शौचाच्या नमुन्यात कोट्यवधी जंतू असतात आणि बहुतेक सगळे निरुपद्रवी. त्यातून विषमज्वराचे वेगळे काढायचे म्हणजे गर्दीतून एक ओळखीचा चेहरा शोधायचा. आधी नमुना अशा रसात रात्रभर ठेवायचा, ज्यात बाकीचे दबून राहतात आणि हे वाढतात. मग तो काचेच्या ताटलीत वडीसारख्या थिजवलेल्या अगरवर तारेने ओढायचा. एका प्रकारच्या ताटलीत नेहमीचे जंतू दुधातली साखर खाऊन गुलाबी ठिपके उमटवतात, आणि ती साखर न खाणारे विषमज्वराचे जंतू बिनरंगाचे राहतात. दुसऱ्या ताटलीत बिस्मथ नावाच्या धातूचा क्षार असतो. तिच्यावर हेच जंतू काळेभोर उगवतात आणि भोवती धातूसारखी चकाकी धरतात.

दत्ताराम आणि विमला यांच्या ताटल्या स्वच्छ निघाल्या. वनमालाबाईंचीही पहिली ताटली स्वच्छ. दुसरीही. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना जरा मोठ्यानेच सांगितलं. ते म्हणाले, "हे जंतू रोज बाहेर पडत नाहीत. तिसरा नमुना घ्या."

तिसऱ्या ताटलीवर सात काळे ठिपके होते.

तरीही खात्री करायची असते. मी एक ठिपका उचलला आणि वेगवेगळ्या साखरांच्या नळ्यांत घातला. प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उपडी ठेवलेली असते, वायू झाला तर तिच्यात बुडबुडा अडकतो. याच घराण्यातले पोट बिघडवणारे बरेचसे जंतू बुडबुडा करतात. विषमज्वराचा करत नाही. ग्लुकोजच्या नळीचा रंग बदलला, उपड्या नळीत बुडबुडा नव्हता. दुधाच्या साखरेची नळी जशीच्या तशी. शेवटी काचपट्टीवर जंतू घेऊन त्यात विषमज्वराचा जंतू ओळखणाऱ्या रक्तजलाचा थेंब मिसळला. अर्ध्या मिनिटात दूध फुटावं तसे कण कण झाले. आता शंकेला जागा राहिली नाही.

बाईंना डॉक्टरांनी स्वतः प्रयोगशाळेत बोलावलं. मी शेजारी उभी होते. त्यांनी कसलीही प्रस्तावना न करता सरळ सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "माका ताप नाय, खोकलो नाय. मगे माका कसलो रोग?"

"तुम्हाला रोग नाही. तुमच्यात रोगाचे जंतू आहेत."

"दाखवशात?"

डॉक्टर माझ्याकडे बघून मानेने हो म्हणाले. मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब लावला. बाईंना एक डोळा मिटता येईना, तेव्हा मी माझ्या हाताने तो झाकला. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या.

"हलतत गो," त्या हळूच म्हणाल्या. "जिवंत असत." मग सरळ झाल्या. "नंदू ह्यांच्यामुळे गेलो?"

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक हो."

"आणि आमचे ह्ये? त्यांका पण तापच इल्लो."

"ते मला सांगता येणार नाही, बाई. नऊ वर्षं झाली. तेव्हा कुणी तपासलं नव्हतं. आता कुणालाच सांगता येणार नाही."

बाईंनी पदराने ओठ पुसले. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो चटकन मागे घेतला, जसा तव्यावरून घ्यावा तसा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर सोडलं. दत्ताराम आमच्याकडे भांडायला आला. कागद फाडून टाका, कुणाला कळणार आहे, म्हणाला. मागून बाई आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "माका कळलेला असा. पुरे झाला." खानावळ विमलाने चालवायची असं ठरलं. विमलाच्या हाताला ती चव नव्हती, पण पोरं येत राहिली.

पण बाईंनी करायचं काय? चाळीत बातमी पसरली होती. नळावर त्या गेल्या की बायका बादल्या घेऊन बाजूला होत. शेजारणीने हळदीकुंकवाला विमलाला बोलावलं, तेव्हा वरून निरोप दिला की एकटीच ये. दोन महिन्यांत बाई निम्म्या झाल्या. दर महिन्याला नमुना द्यायला प्रयोगशाळेत यायच्या, बाटली ठेवायच्या, आणि कुणाला धक्का लागू नये अशा बेताने भिंतीकडेने निघून जायच्या.

ऑक्टोबरात अशाच आल्या असताना दारात थबकल्या. नाक वर केलं.

"काय करपलां?"

करपलं होतं खरंच. जंतूंसाठी रस आणि अगर शिजवणारा आमचा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि ते काम मी कसंबसं उरकत होते. जंतूंचं जेवण म्हणजे खिमा उकळून, गाळून, चरबी काढून केलेला रस, आणि तो घट्ट करायला अगर, म्हणजे आपण खरवसासारख्या वड्या करायला वापरतो तो चायना ग्रास. माझा अगर दर खेपेस तळाला लागायचा, नाहीतर गढूळ व्हायचा.

बाई आत आल्या. पातेल्यात डोकावल्या. "असो ढवळतत? आधी भिजत घालूक व्हयो. आणि मांसाचो रस गार झाल्याशिवाय चरबी वर येवची नाय. फडको खंय?"

मी त्यांच्या हातात फडकं दिलं आणि मग दोघीही थबकलो. बाईंनी फडकं खाली ठेवलं. "चुकलंय," म्हणाल्या.

डॉक्टर दारात उभे होते. ते त्यांच्या खोलीत गेले, पाचेक मिनिटांनी परत आले. "वनमालाबाई, तुम्ही माणसांसाठी स्वयंपाक करायचा नाही, असं मी म्हणालो होतो. हा माणसांसाठी नाही. तुम्ही इथे जे शिजवाल ते नंतर निर्जंतुक करायच्या त्या कुकरमध्ये पंधरा पौंड दाबाखाली वीस मिनिटं जाईल. त्यातून तुमचे जंतू काय, कुणाचेच जंतू जिवंत बाहेर येत नाहीत. जमेल?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. "मीठ किती घालूचा?" त्यांनी विचारलं.

अशा त्या लागल्या. रुग्णालयाच्या मंडळात एक-दोघांनी नाकं मुरडली, पण डॉक्टर ठाम राहिले. नियम कडक होते. त्यांचा पाण्याचा पेला वेगळा, शौचालयातून आल्यावर जंतुनाशकाने हात धुवायचे, कुणाला चहा करून द्यायचा नाही. ताटल्या ओतायचं आणि जे अगर कुकरमध्ये न घालता नुसतेच उकळायचे असतात ते करायचं काम माझ्याकडे. बाईंनी एकही नियम एकदाही मोडला नाही. आठवड्याभरात आमचा रस असा नितळ झाला की बाटलीमागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता यावं.

लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नळ्यांच्या कापसाच्या बोळ्यांना रंगीत दोरे बांधायला सुरुवात केली. ग्लुकोजला लाल, दुधाच्या साखरेला पांढरा. मीही नकळत तेच वाचू लागले. एकच दिवस त्या जेवत नसत, गुरुवारी. मी कारण विचारलं नाही. नंदकुमार गुरुवारी गेला होता.

आणि एक गोष्ट. नवी ताटली बरोबर काम करते का, हे बघायला ओळखीचा जंतू लागतो. तो तिच्यावर काळा उगवला तरच ताटली चांगली. डॉक्टरांनी त्यासाठी वनमालाबाईंचाच जंतू ठेवला होता, फ्रिजमध्ये, एका तिरक्या अगरच्या नळीत. बाईंना हे कळल्यावर त्या आपल्या जंतूंना बिऱ्हाडकरू म्हणू लागल्या. "न सांगता इले, आता जायत नाय. निदान कामाक तरी लावलास."

१९५७ साली गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओच्या कँटीनमधला आचारी, काशीराम, आमच्याकडे तपासणीला आला. तिथले चार कामगार विषमज्वराने आजारी होते. काशीरामचे तिन्ही नमुने मी एकाच हप्त्यात लावले. काळा ठिपका कुठेच नव्हता. मी अहवाल लिहायला बसले.

बाई जुन्या ताटल्या कुकरमध्ये घालायला नेत होत्या. त्यातली एक उजेडाकडे धरून त्या परत आल्या. "गो उत्तरा, माझे बिऱ्हाडकरू ह्या ताटलीत दिसत नाय."

मी बघितलं. खात्रीसाठी लावलेल्या ताटलीवरही काही उगवलं नव्हतं. बिस्मथचं द्रावण जुनं होऊन बिघडलं होतं आणि मी ती ताटली न बघताच अहवाल लिहीत होते. काशीराम तसाच कँटीनमध्ये परत गेला असता. मी कागद फाडला, नवं द्रावण केलं आणि नव्याने नमुने मागवले. दुसऱ्या नमुन्यात काळे ठिपके आले.

काशीरामला सांगितलं तेव्हा तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि डोक्यावरची टोपी काढून तिच्यात तोंड लपवलं. मोठा दांडगा माणूस, मालवणकडचाच. "मी जल्मात कोणाचा वाईट केलंय नाय," एवढंच म्हणत होता. डॉक्टर काही बोलायला पुढे झाले, पण बाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि त्या त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मिया पण नाय केलंय," त्या म्हणाल्या.

दीड तास दोघं तिथं बसली होती. काय बोलली ते मला माहीत नाही. उठताना काशीरामने टोपी नीट डोक्यावर घातली आणि आत येऊन विचारलं, "दर महिन्याक येवचा ना?" पुढे त्याला त्याच स्टुडिओत सेट उभारणाऱ्या सुतारांच्या हाताखाली काम मिळालं. त्यानंतर असं काही सांगायची वेळ आली की डॉक्टर आधी बाईंना हाक मारत.

पुढच्या वर्षी बाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे होते. शस्त्रक्रियेने पित्ताशयच काढून टाकलं तर जंतूंचं घर जाईल अशी बरीच आशा होती, खात्री नव्हती. बाई घाबरल्या होत्या, पण सही म्हणून अंगठा मात्र पटकन उठवला. या खेपेला खाटेशी पेज घेऊन मी जात होते. भरवताना एकदा त्या म्हणाल्या, "पातळ झाली हा." खरंच पातळ झाली होती.

मग वर्षभर दर महिन्याला नमुना. बारा वेळा मी तो लावला, बारा वेळा खात्रीची ताटली आधी बघितली आणि मग त्यांची. बाराही स्वच्छ. नोव्हेंबर १९५९ मध्ये डॉक्टरांनी तसा कागद दिला. बाईंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"आता खानावळ?" मी विचारलं.

"छे. हय कोण बघतलो?" म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "रविवारी जातलंय."

त्या रविवारी मी खानावळीत गेले. दत्ताराम दारात उभा होता, मोठ्या घरच्या लग्नात असावा तसा. त्याने वहिनीच्या हातात पळी दिली आणि पाणी भरायला निघून गेला. काशीराम आला होता. जुन्या पोरांपैकी दोघं आपापल्या बायकांना घेऊन आले होते. बाई पूर्वीसारख्याच चुलीपाशी बसल्या होत्या, फक्त सारख्या उठून हात धूत होत्या.

माझ्या ताटात भात पडला, वर आमटी पडली. आणि माझा हात ताटापाशी जाऊन थांबला. अगदी क्षणभर. बारा निकाल माझ्याच हाताने लिहिलेले होते, मला सगळं माहीत होतं, तरी थांबला.

बाईंनी ते बघितलं. रागावल्या नाहीत, डोळेही भरून आले नाहीत. चुलीवरून उकळती आमटी त्यांनी आणखी एक पळी भरून माझ्या भातावर घातली.

"कढत असा," त्या म्हणाल्या. "जपून खा."

मी जेवले. पोटभर जेवले.